हवालदारांचं रिव्हॉल्वर

एक जुना पोलिसपट आणि त्यातलं एक रिव्हॉल्वर यांच्या पायी मी एका भल्या माणसाचं उरलंसुरलं आयुष्य नासवलं. हे मी घरात बोलून दाखवलं की बायको म्हणते, तुम्ही फार मनाला लावून घेता. मनाला लावून घ्यायचं नाही तर काय भिंतीला लावायचं?

मी भोपाळच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. लोकांनी घाम गाळून केलेला जॉब टेबलावर यायचा, मी मापं घ्यायचो आणि पास किंवा रिजेक्ट लिहायचो. रिजेक्ट जॉबला लाल टॅग बांधायचा आणि खाली आपला शिक्का मारायचा. पस्तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झालो तेव्हा शिक्का परत करायला हवा होता, तो मी ठेवून घेतला. कारखान्याजवळ पिपलानीतच घर घेतलं आणि घेताना सुताराने बसवलेल्या खिडक्यासुद्धा मापून रिजेक्ट केल्या. खोड कुठे जाते!

दर रविवारी सकाळी आम्ही चौघे म्हातारे ड्राफ्ट्समनकडे जमायचो. ड्राफ्ट्समन म्हणजे आमच्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेला नागपूरकर. दुसरे उज्जैनचे मास्तर, तिसरा मी आणि चौथे हवालदार. पोहे खायचे, सोबत जलेबी, आणि मोठ्या टीव्हीवर जुना सिनेमा लावून त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं. त्यातही एक पोलिसपट आमचा खास लाडका. तरुणपणी प्रत्येकाने तो आपापल्या गावात चार-पाचदा पाहिलेला. त्याचं थोडं शूटिंग भोपाळला झालं होतं, त्यामुळे तर तो घरचाच वाटायचा.

वाद एकच आणि तो दोन वर्षं चालला. शेवटी इन्स्पेक्टर राजीनामा द्यायला साध्या कपड्यांत येतो, टोपी आणि रिव्हॉल्वर साहेबाच्या टेबलावर ठेवतो. ते रिव्हॉल्वर कुठलं? ड्राफ्ट्समन म्हणायचा, चक्री बाजूला निघते त्या जातीचं. मास्तरांच्या मते ते लाकडाचं होतं, वरून काळा रंग दिलेलं. मी ड्राफ्ट्समनच्या बाजूचा. सिनेमात ते लांबून आणि पापणी लवेपर्यंतच दिसतं, त्यामुळे कोणालाच काही सिद्ध करता यायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आठवडाभर हेच. म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही हे खरं, पण त्या वादाने आमचा रविवार उजाडायचा हेही खरं.

हवालदार मूळचे ग्वाल्हेरचे. पोलिसांच्या शस्त्रागारात त्यांनी नोकरी काढली होती. आधी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असायचे, बायको गेल्यावर मुलाकडे अरेरा कॉलनीत राहायला आले. बोलणं कमी. पण हा विषय निघाला की ताठ बसायचे.

"साहेब, ते रिव्हॉल्वर माझ्या हातचं आहे. शूटिंगला चार दिवस माझी ड्यूटी लागली होती. सकाळी मी द्यायचो, शामको मोजून परत घ्यायचो. मधून मोडून उघडणारं. डाव्या अंगाला अंगठ्याने दाबायचा खटका, त्याचं टोक तुटलेलं, ते मी खुद कानशीने घासून गोल केलं होतं. मला बिल्कुल याद आहे."

"हवालदारसाहेब, कशावरून?" मी विचारायचो. "काही कागद?"

कागद नव्हता. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, अगदी त्याच शब्दांत. आम्ही हसायचो.

एक गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना विसरण्याचा आजार सांगितला होता. सुरुवात होती. कालचं विसराल, परवाचं विसराल, जुनं मात्र बराच काळ टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. हवालदारांनी त्या एका वाक्याला घट्ट धरलं होतं. चष्मा सापडेनासा झाला, नातवाचं नाव जिभेवर येईनासं झालं, गल्ली चुकली, तरी जुनं आपल्याजवळ शाबूत आहे, एवढंच त्यांना चारचौघांकडून ऐकायचं होतं. म्हणून ते रिव्हॉल्वर त्यांना लागत होतं. आम्हाला वाटायचं, म्हातारा बढाई मारतोय.

मग ड्राफ्ट्समनला भंगारवाल्याकडे फोटो मिळाला. पूर्वी थिएटरच्या दाराशी काचेच्या पेटीत सिनेमाचे फोटो लावायचे, त्यातला. नेमका तोच प्रसंग! इन्स्पेक्टर उभा, समोर टेबल, टेबलावर आडवं ठेवलेलं रिव्हॉल्वर. नळीचा पुढचा भाग टोपीखाली झाकलेला, पण मूठ आणि तिच्या वरचा भाग लख्ख.

तो फोटो मी घरी आणला. भिंग घेतलं, दिवा घेतला, दोन दिवस त्याच्यावर वाकलो. नळी डावीकडे, म्हणजे वर दिसते ती रिव्हॉल्वरची डावी बाजू. डाव्या बाजूला खटका नाही. तुटका नाही, गोल घासलेला नाही, कसलाच नाही. माझ्या अंगात पुन्हा नोकरी संचारली. मी आमच्या जुन्या नमुन्यात रिपोर्ट टाइप करून घेतला. जॉब, निरीक्षण, निष्कर्ष. 'साक्षीदाराने सांगितलेला खटका आढळला नाही. साक्षीदाराची स्मृती ग्राह्य धरता येत नाही. रिजेक्ट.' खाली सही आणि शिक्का. वर कोपऱ्यात भोक पाडून लाल टॅगसुद्धा बांधला.

रविवारी मी तो उभं राहून वाचून दाखवला. मास्तर हसून हसून खोकले. ड्राफ्ट्समनने टाळी दिली. मी रिपोर्ट आणि फोटो हवालदारांच्या हातात ठेवले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"डाव्या अंगालाच होता," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "होता ना?"

"तुम्हीच बघा की," मी म्हणालो. किती खूश होतो मी! आज तो आवाज आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांनी रिपोर्टची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. पोहे तसेच राहिले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही. ग्रुपमधूनही बाहेर पडले. रुसलेत, येतील, असं म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं.

पावसाळा संपेपर्यंत मला त्यांची चौकशी करावीशी वाटली नाही. फोटो मात्र मी कौतुकाने फ्रेम करून आणला होता. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने तो पुसायला घेतला. माझे शर्ट ती वर्षानुवर्षं घरीच शिवायची.

"अहो, याने शर्ट बायकांसारखा का घातलाय?"

"म्हणजे?"

"बटणपट्टी उलट्या बाजूला आहे. आणि घड्याळ उजव्या हातात. डावरा होता का हा?"

मी फ्रेम तिच्या हातातून ओढून घेतली. सिनेमा लावला. सिनेमात दार इन्स्पेक्टरच्या एका बाजूला होतं, फोटोत दुसऱ्या. घड्याळ डाव्या हातात. फोटो आरशात दिसतो तसा उलटा छापलेला होता. छापणाऱ्याने निगेटिव्ह पालथी धरली असणार, झालं. मी जिला डावी बाजू समजून मापत बसलो होतो, ती उजवी होती. उजव्या बाजूला खटका नसतोच.

कारखान्यात नवीन पोरं आली की मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचो: ड्रॉइंग हातात घेतलं की आधी कोपऱ्यातलं चिन्ह बघा, कुठली बाजू कुठे काढलीय ते कळतं. ते न बघता मापं घेतलीत तर मापं बरोबर येतील आणि जॉब भंगारात जाईल. सगळ्या जगाला हे शिकवणारा मी. शर्टाकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. मला फक्त खटका हवा होता, आणि खरं सांगायचं तर तो नसलेलाच हवा होता.

यावरून हवालदार खरे ठरत नव्हते. त्यासाठी दुसरी बाजू दिसायला हवी आणि ती आता कुठल्याच फोटोत नाही. मी मात्र खोटा ठरलो होतो. त्याच दुपारी स्कूटर काढून मी अरेरा कॉलनीत गेलो.

सून दारात आली. मला ओळखून तिचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही इतक्या दिवसांनी आलात." तिने मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि आवाज खाली करून आजाराचं सगळं सांगितलं, मघाशी मी लिहिलं ते.

"डॉक्टर म्हणाले होते जुनं राहील. ते राहिलंही असतं. पण त्या कागदानंतर बाबा स्वतःहून सोडायला लागले. प्रत्येक गोष्ट विचारतात, ये सच में हुआ था क्या? आपण ग्वाल्हेरला राहत होतो का? माझा भाऊ विहिरीत पडला होता का? आम्ही हो म्हटलं तरी त्यांना पटत नाही. कोणी काही आठवण काढली की खिशातून तो कागद काढून दाखवतात. म्हणतात, माझं आठवणं चूक असतं, लेखी आहे."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली होती.

हवालदार मागच्या व्हरांड्यात बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट स्वच्छ. मला बघून उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं, त्यांच्या पायांशी वेताच्या मोड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. फोटो उलटा होता. चूक माझी. तुमचं म्हणणं मी खोटं ठरवलं, तो रिपोर्टच खोटा. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता. लाल टॅग अजून बांधलेला. "सही तुमचीच ना, साहेब?"

"माझीच. चुकीची केली." मी पेन काढून त्याच्यावर आडवं 'रद्द' लिहिलं, खाली पुन्हा सही केली. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि कागद पुन्हा खिशात ठेवला. बूंद से गई, वो हौद से नहीं आती, असं आमच्याकडे म्हणतात. मी तर पेनने भरपाई करायला निघालो होतो.

मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "साहेब, त्या शूटिंगच्या टायमाला माझी बायको डबा घेऊन आली होती. गर्दीत मागे उभी होती. हिरोकडे नाही, माझ्याकडे बघत होती. नवीन लग्न होतं. असं मला याद आहे." त्यांचा हात खिशातल्या कागदावर गेला. "आली होती का हो ती?"

मी तिथे नव्हतो. त्या वर्षी मी भोपाळ पाहिलंसुद्धा नव्हतं. न मापलेल्या गोष्टीखाली मी जन्मात कधी सही केली नव्हती. तरी म्हणालो, "हो. आली होती. नक्की आली होती."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि जरा थोपटलं, लहान मुलाची समजूत काढावी तसं.

"तुम्ही भले माणूस आहात, साहेब," ते म्हणाले. "म्हणून हो म्हणता."