पंतोजीची गादी

सूर्यभान पुढे चांगला चारचौघांत बसणारा शेतकरी झाला. पण सरकीचं पोतं दिसलं की म्हातारपणीही मिशीत हसायचा.

लहानपणी त्याला पावकीचा पाढासुद्धा येत नसे. अमरावतीजवळच्या त्यांच्या गावात मारुतीच्या ओसरीवर मोरोपंत पंतोजींची शाळा भरायची. एकदा पंतोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्या डोक्यात नुसती सरकी आहे." तेव्हापासून पोरं त्याला 'सरक्या' म्हणू लागली. घरी धाकटी बहीण कौशल्याही म्हणे, "सरक्या, जेवाले चाल." घास कडू व्हायचा. हे नाव पंतोजींवर उलटवल्याशिवाय राहायचं नाही, असं त्यानं मनाशी धरलं.

संक्रांतीला पंतोजींना नवी गादी द्यायची गावाची रीत होती. त्या साली दूर अमेरिकेत लढाई जुंपलेली, वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं चाललेला. पंतोजींनी ताजीच रुई हवी म्हणून बजावलं. चरकीवर कापसातली सरकी काढून गादी शिवायचं काम सूर्यभानच्या आईकडे, मैनाबाईकडे आलं. ती भर दुपारी नदीवर गेली तशी सूर्यभाननं एका कोपऱ्याची शिवण उसवली, मूठमूठ रुई काढली, बैलांना आवडते तशी गुळाचा हात लावलेली सरकी आत कोंबली आणि वेडावाकडा दोरा घातला.

बांड्या बैलाला चारा घालायचं काम त्याच्याकडेच होतं. संक्रांतीच्या सकाळी त्यानं बांड्याला उपाशीच ओसरीशी आणून सैल बांधलं.

गावकरी जमले, वडील नत्थुजीही आले. पंतोजी नव्या गादीवर ऐसपैस बसून पाढा सांगू लागले. बांड्यानं नाक वर केलं, दावं सोडवलं, सरळ ओसरीवर चढला आणि गादीचा कोपरा तोंडात धरून ओढला. पंतोजी उताणे, पगडी पायरीवर, ओसरीभर सरकी.

"गादीत सरकी कोणी भरली?" पंतोजी उठता उठता गरजले.

नत्थुजींनी तो वेडावाकडा दोरा पाहिला, मग पोराकडे.  इतके दिवस गिळलेलं आता सूर्यभानच्या पोटात राहीना.

"माह्या डोक्यातली हाय, पंतोजी. तुमीच त म्हनत होते."

आधी हसले ते नत्थुजी. मग घरी नेऊन त्यांनीच कासऱ्यानं झोडपलं, तेही मनापासून. सूर्यभाननं हूं की चूं केलं नाही. बाहेर गल्लीतून पोरं ओरडत चालली होती, "सरकीपंत, सरकीपंत!" आणि ते ऐकायला त्याला कान मोकळे हवे होते.