दादाची स्क्रॅम्बलर

स्क्रॅम्बलर हा शब्द मी पहिल्यांदा माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकला. यवतमाळच्या एका शोरूमच्या काचेआड त्यानं ती पाहिली होती. गाडी आजची, पण पेहराव जुना विलायती. गोल हेडलाइट, सपाट सीट, पसरट हँडल, जाड दातांचे टायर आणि सीटजवळून उंच गेलेला सायलेन्सर. घरी येऊन त्यानं अंगणातच हातवारे करत मला सगळं सांगितलं. तिकडची पोरं म्हणे दगडधोंड्यांतून, चिखलातून शर्यती लावायची. त्यासाठी रस्त्यावरच्या गाडीचं नको ते सारं काढून टाकायची, आणि दगडाला लागू नये म्हणून सायलेन्सर वर घ्यायची. त्यातून ही जात निघाली.

"आपल्या शेताकडच्या पांधणीसाठीच बनवली वाट्टे," दादा म्हणाला.

नवी गाडी त्याला नको होती. नव्यात फक्त रूप असतं, जीव जुन्यातच, असं त्याचं म्हणणं. तो शोधत राहिला आणि अखेर राजूरला सापडली. खाणीतून निवृत्त झालेल्या एका फोरमनच्या घरामागे, तुराट्यांच्या ढिगाखाली ती पडून होती. टाकीला गंज, सीटच्या जागी उंदरांचं घर, पण इंजिन अस्सल, विलायतेतलं. आम्ही दोघांनी ती टेम्पोत घालून दिग्रसजवळच्या आमच्या शेतावर आणली आणि कापसाच्या खोलीत उभी केली.

दादा शेती पाहतो. मी दिग्रसला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेते, माझं सासरही तिथंच आहे. त्यानंतरची तीन वर्षं माझा प्रत्येक रविवार त्या खोलीत गेला. कापूस घरात आला की गाडीवर ताडपत्री पडायची. कापूस विकला गेला की आम्ही परत बसायचो, आणि आधी इंजिनाच्या तेलकट अंगावरचं कापसाचं पीस न् पीस वेचून काढायचो.

मला ती गाडी का आवडली, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तिच्यात काही झाकलेलं नव्हतं, हे एक. आजच्या गाड्यांचं पोट प्लॅस्टिकच्या आवरणात असतं. हिचा प्रत्येक नट, प्रत्येक नळी समोर. जे बिघडेल ते दिसणार, जे दिसेल ते हातानं करता येणार. आमच्याकडचे पाने तिच्या नटांना बसत नसत, एक ढिला तर दुसरा जाईचना. मग मी पोस्टानं त्या मापाचे पाने मागवले. जुनी माहितीपुस्तकं मोबाइलवर इंग्रजीतून वाचायची आणि दादाला मराठीतून सांगायची.

वायरिंग तर पूर्ण मीच केलं. पहिल्यांदा दादानं नेहमीसारखी बॅटरी जोडली तेव्हा धूर निघाला आणि नवी वायर जळाली. तो हताश होऊन बाहेर बाभळीखाली जाऊन बसला. मी दुसऱ्या रविवारपर्यंत वाचत राहिले तेव्हा कळलं की या जुन्या विलायती गाड्यांत सगळं उलटं असतं. बॅटरीचं मायनस नव्हे, प्लस टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात. मी जोडणी बदलली. दादानं किक मारली. दोन-तीनदा ती नुसती खोकली, आणि मग असा काही भरदार आवाज काढला की छपरावरची कबुतरं उडाली. दादा मला मिठी मारून रडला. "तुयाशिवाय झालं नसतं माय," तो म्हणाला. त्या दिवसाचे फोटो मी काढले. सगळेच फोटो मी काढायची.

त्यानंतर दादा जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपमध्ये गेला. गेल्या हिवाळ्यात त्या लोकांचा मेळावा यवतमाळला भरला. मी हौसेनं गेले. मैदानात कितीतरी गाड्या उभ्या होत्या, पण गर्दी आमच्या गाडीभोवती. चॉकलेटी टाकी उन्हात चमकत होती. मी जवळ जाणार, तोच नागपूरहून आलेले एक काका हसत माझ्याकडे आले.

"तुम्ही त्यांची बहीण न? चहावाल्या ताई!"

मला समजलं नाही. "कोणत्या चहावाल्या?"

"अहो, तुमचा भाऊ नेहमी सांगतो. तीन वर्षं एकट्यानं गाडी बांधली अन् बहीण बिचारी न कंटाळता चहा करून देत होती. असं घर पाहिजे!"

मनापासून बोलत होते ते. मी काहीतरी हसले असेन. तेवढ्यात दादाचा आवाज आला. तो गाडीजवळ उभा राहून लोकांना वायर जळाल्याची गोष्ट सांगत होता. "मी आठ दिवस झोपलो नाही," तो म्हणाला, "मग एकदम डोक्यात आलं, हिचा प्लस चेसीले तर नसंल?" लोकांनी वा वा केलं. बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर पडली. तरी तो पुढं बोलत गेला.

गर्दी पांगल्यावर मी त्याला गाठलं.

"काहून सांगतलं तू असं?"

"काय सांगतलं?"

"मी चहा करत होती म्हणून."

तो सायलेन्सर पुसू लागला. "चालते न. लोकायले काय फरक पडते?"

"मले पडते."

"तू कधी पुढं येतच नोहती. मले वाटलं, तुले असलं आवडत नाही."

"दादा, खरं सांग."

त्यानं फडकं खाली टाकलं. "इथं सारे माणसं आहेत. बहिणीनं इंजिन बांधलं म्हटलं असतं त हसले असते."

"कोणाले?"

तो फडकं उचलायला वाकला. मग खाली पाहूनच म्हणाला, "मले."

मी हात पुढं केला. "चाबी दे."

त्यानं दिली. माझा चेहरा पाहून असेल, पण नाही म्हणाला नाही. तू एसटीनं ये, असं सांगून मी किक मारली.

तोवर मी ती शेताबाहेर कधी नेली नव्हती. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, सगळं सवयीच्या उलट. दारव्ह्यापर्यंत मी जपून चालवली. मग हात बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता, वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून आवाजाकडे बघत होत्या. गाडी सुरेख चालली. कुठं अडखळली नाही, कुठं तापली नाही. आणि तीच गोष्ट मला सहन होईना. दारव्ह्याच्या पुढं एका झाडाखाली गाडी थांबवून मी हेल्मेटच्या आतच रडून घेतलं.

शेतावर गाडी लावून चाबी वहिनीच्या हाती दिली आणि घरी आले. नंतर त्या खोलीत गेले नाही.

दादा महिनाभरानं आला. "ग्रुपवर खरं काय ते टाकतो," म्हणाला. त्यानं टाकलंही. गाडीचा फोटो, मीच काढलेला, आणि खाली एक ओळ: या कामात माझ्या बहिणीचंही मोलाचं सहकार्य लाभलं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. माझ्या नवऱ्यानं ते वाचून मोबाइल मला परत दिला.

यंदा भाऊबीजेला दादा एसटीनं आला. मी ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. पावसानं सोयाबीनचं काय केलं ते बोलून झालं.

"गाडी नाही आणली?" मीच विचारलं.

"नागपूरले देली, दुरुस्तीले. डाव्या बाजूनं तेल गळून राह्यलं. तिथल्या मेकॅनिकले समजत नाही म्हणे."

मला ठाऊक होतं कुठून गळत असेल. तो माझ्याकडे पाहत होता, मी विचारावं म्हणून थांबला होता.

"करंजी घे," मी म्हटलं, आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.