चॅप्टरचा मानपान

हार्ड डिस्क भरली की मी गिऱ्हाइकांना फोन लावते. "दादा, तुमचं लग्न काढून टाकू का?" माणूस आधी दचकतो. मग आपल्याकडे पेनड्राइव्ह आहे ना, हे कपाटात बघून येतो आणि "टाका" म्हणतो. अशी कितीतरी लग्नं मी पुसली. किस्से पुसायची मात्र सोय नाही. ते साठतच जातात, आणि चार जणी चहाला बसल्या की सांगावेच लागतात.

हसनाबादला स्टँडसमोर आमचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे. शूटिंग आमचे हे करतात, मिक्सिंग, म्हणजे ते कापून-जोडून व्हिडिओ बनवायचं काम, मी करते. यांना आयुष्यात कोणाला 'नाही' म्हणता आलं नाही. मांडवात कोणी काहीही मागितलं की यांचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईन." ते सगळं होऊन जायचं ठिकाण म्हणजे माझं टेबल.

*

चॅप्टरची सुरुवात एका रिटायर गुरुजींमुळे झाली. लेकीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन ते दुकानात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले.

"ताई, पुस्तकाला अनुक्रमणिका असते. तुमच्या लग्नाला काहून न्हाई? मला लेकीची पाठवणी बघायची तर आधी सगळ्या गावाचं जेवन बघावं लागतं."

बोलणं खरं होतं. मी मोबाईलवर बघून बघून शिकले. लांबलचक व्हिडिओत जागोजागी खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेला नाव द्यायचं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की यादी दिसते: हळद, सीमांतपूजन, लग्न, सत्कार, पंगत, पाठवणी. रिमोटनं हवं ते दाबा, थेट तिथं पोचा. टीव्ही फार जुना असेल तर यादी दिसत नाही आणि मग तो दोष माझा असतो.

गुरुजी खूश होऊन गेले. महिनाभरानं भाजी घ्यायला आलेले दिसले, म्हणून विचारलं, "कसं वाटलं गुरुजी?"

"चांगलंय," ते म्हणाले. "पन आता घरातला जो तो आपला धडा बघून उठून जातो. पुरं लग्न बघनारा मी एकटाच राह्यलो."

*

चॅप्टर आले आणि त्यांच्यापाठोपाठ मानपान आला. आधी भांडण पत्रिकेत कोणाचं नाव वर, यावरून व्हायचं. मग ते यादीत शिरलं. मामांना वेगळा चॅप्टर, तर आत्याला का नाही? आत्याला दिला, तर चुलत्यानं काय पाप केलं?

टेंभुर्णीला खताचं दुकान असलेले एक काका आहेत. धाकट्या मुलीचं लग्न आम्ही केलं. म्हणजे शूटिंग केलं. यादीत 'मामांचा सत्कार' असा चॅप्टर होता, 'सरपंचांचा सत्कार' होता आणि मग 'इतर सत्कार'. मोठे जावई त्या इतरांमध्ये होते. जावयांनी यादी वाचली आणि जेवण अर्धं टाकून उठले. तो धोंड्याचा महिना होता. जावयाला बोलवायचं, ताटात अनारसे वाढायचे, पाय धुवायचे, तर जावई फोनच उचलेनात.

काका दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "वहिनी, अनारसे तळून डब्यात पडले. लेक तिकडं रडून राह्यली. महिना सरायच्या आत एक चॅप्टर करून द्या."

मी सगळं शूटिंग पुन्हा उपसलं. सत्काराच्या वेळी जावयांपुढं नेमका एक फेटेवाला आडवा आलेला. हळदीत ते नव्हतेच. अख्ख्या लग्नात ते स्वच्छ दिसत होते एकाच ठिकाणी, मांडवाच्या कोपऱ्यात, दोन खुर्च्या जोडून झोपलेले. तोंडावर रुमाल होता, पण तोही वाऱ्यानं अर्धा सरकलेला.

"हेच आहे," मी म्हटलं.

काकांनी बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. "टाका," ते म्हणाले.

मी मामांच्या वर चॅप्टर केला, 'आदरणीय जावईबापू'. लेकीमार्फत निरोप गेला, मग जावई आले, अनारसे खाल्ले, लेकीला हसवलं, दोन दिवस राहून गेले. मी काकांना फोन करून भीत भीत विचारलं, चॅप्टर बघून काय म्हणाले?

"बघितला कुठं? यादीत नाव वाचलं, मान हलवली आन टीव्ही बंद करायला लावला."

*

एका लग्नात दोन्हीकडच्यांनी वेगवेगळे पेनड्राइव्ह सांगितले होते. वरात फार उशिरा आली. मुहूर्त टळून गेला तरी नवरदेवाचे मित्र वेशीपाशी डीजेपुढं नाचत होते. मुलीकडची माणसं हातात अक्षता घेऊन तिष्ठत बसली. त्या अक्षतांना घाम सुटला असेल.

मुलीचे चुलते दुकानात येऊन म्हणाले, "तेवढ्या नाचाचा चॅप्टर करा, आन नाव टाका, 'वऱ्हाडानं केलेला उशीर'." नवरदेवाचा भाऊ आला. त्यालाही तोच नाच हवा होता आणि त्याचं नाव होतं, 'मित्रांचा जल्लोष'. मला काय, मी दोन्ही करून दिले. चित्र एकच, नावं दोन.

पोचवायचं काम आमच्या यांचं. यांनी मुलीकडचा पेनड्राइव्ह मुलाकडं दिला आणि मुलाकडचा मुलीकडं.

संध्याकाळी नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. बोलणी खायच्या तयारीनं मी उचलला. ते अजिबात रागावलेले नव्हते.

"वहिनी, आम्ही उशिरा आल्तो हे बराबर हाये. मुलीकडच्यांनी तोंडावर बोलायला पाहिजे होतं, ऐकून घेतलं असतं. लिहून कशाला दिलं?"

*

पिंपळगाव रेणुकाईचे एक सर आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. मी तेव्हा माहेरी गेले होते. घाई होती, म्हणून यांनी मागच्या कुठल्यातरी लग्नाची यादी उचलली आणि जशीच्या तशी चिकटवली.

मी परत आले त्या दिवशी सर आले. शांतपणे बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "ताई, आमच्या लग्नात मंगलाष्टका कुठं सापडल्या, ते बघायला आलो."

मी 'मंगलाष्टका' दाबलं. मांडवामागं जनरेटरवाला डिझेल ओतत होता. 'सप्तपदी' दाबलं तर पाण्याच्या जारपुढं रांग लागलेली. आमचे हे तेवढ्यात "बॅटरी आणतो" म्हणून दुकानाबाहेर पडले. 'कन्यादान' मला दाबवेना, तर सरांनीच दाबलं. नवरी आणि नवरदेव शेजारी शेजारी बसून जेवत होते. नवरीनं मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला होता.

"दान कुठं केलं हो?" सर म्हणाले. "ही तर आरामात जेवून राह्यली."

मग त्यांनी स्वतः नावं सांगितली, मी टाईप केली: वंदना, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पवर्षाव. उठता उठता ते थांबले. "तो जेवनाचा राहू द्या. नाव तेवढं बदला. हिची आई म्हनते, पोरगी त्या दिवशी उपाशी होती. तिला दाखवतो."

*

निवडणुका जवळ आल्या की लग्नांना पुढाऱ्यांची रांग लागते. त्यातले एक साहेब म्हणाले, मी ज्या ज्या लग्नांत बोललो त्या सगळ्यांचा एक व्हिडिओ करा, गावाच्या नावानं चॅप्टर पाडा. मी केला. प्रत्येक गावात साहेब उभे राहायचे आणि म्हणायचे, "हे लग्न म्हणजे माझ्या घरचंच लग्न." शब्दाला शब्द तोच, हातवारेही तेच.

साहेबांनी चार-पाच गावं बघितली आणि कंटाळले. "ताई, भाषन एकच ठेवा. बाकीच्या गावाला नुसतं नाव द्या."

तसंच केलं. कोणतंही गाव दाबा, तेच भाषण लागतं. एकाही गावाची तक्रार आली नाही.

*

आता आमच्या गावच्या अण्णांचं.

अण्णा म्हणजे मोठं शेत, मोठा आवाज आणि मोठ्या मिशा. मोठ्या मुलाचं लग्न केलं. सून कोमल, जालन्याला नर्सिंगला होती, शेवटचं वर्ष राहिलेलं. माहेरच्यांचं एकच मागणं होतं की तिचं शिक्षण तुटू नये. सत्कार संपले तसा अण्णांनी माइक हातात घेतला. सगळा मांडव ऐकत होता.

"ही सून न्हाई, माझी लेक हाये. हिचं नर्सिंग मी पुरं करीन. कॉलेज उघडलं का मी सोता हिची बॅग उचलून जालन्याला सोडून येईन. हा अण्णाचा शब्द हाये."

टाळ्या पडल्या. कोमलच्या आईनं पदर डोळ्याला लावला, तो मी व्हिडिओत ठेवला आहे.

दुसऱ्याच आठवड्यात अण्णा दुकानात. "वहिनी, माझ्या भाषनाचा चॅप्टर करा. नाव, 'अण्णांचे मनोगत'. आन सगळ्यात पहिला. टीव्ही लावल्याबरोबर तोच सुरू झाला पायजे."

"अण्णा, पहिला गणेशपूजनाचा असतो."

"गनपती घेतील समजून."

त्यांचं भाषण उचलून मी सगळ्यात पुढं लावून दिलं.

कॉलेज उघडलं. कोमल घरीच होती. मला एकदा बाजारात भेटली, तेव्हा हातात मिरच्यांची पिशवी होती. मी विचारलं, तर म्हणाली, "अण्णा म्हनले, कापूस वेचून होऊ दे. मंग म्हनले, पुढच्या साली बघू. कॉलेजवाले म्हनून राह्यले, या महिन्यात आले न्हाई तर नाव काढतो."

"नवरा काय म्हणतो?"

"ते म्हनतात, अण्णांपुढं कोन बोलनार?"

मला वाईट वाटलं. पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार? एवढ्या हुशार मुलीचं वर्ष मिरच्या निवडण्यात जाणार, असं म्हणत मी घरी आले आणि यांच्यावरच चिडले.

आणि मग एका सकाळी अण्णा आले. आवाज बसलेला होता. आधी यांना चहा आणायला पाठवलं, मग खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.

"वहिनी, तो माझा चॅप्टर काढता येतो का?"

"येतो. काय झालं?"

झालं होतं ते असं. नव्या सुनेला बघायला पावणेरावळे येतच होते. कोणी आलं की टीव्हीवर लग्न लावायचं, ही अण्णांचीच पद्धत. रिमोट कोमलकडं असायचा. ती टीव्ही लावून चहा करायला आत जायची. बाहेर अण्णांचं भाषण सुरू व्हायचं. ती चहा घेऊन येईपर्यंत पाहुण्यांनी भाषण ऐकलेलं असायचं. ते विचारायचे, "मंग पोरी, कधी चाललीस जालन्याला?"

कोमल ट्रे पुढं करून म्हणायची, "अण्णांना विचारा."

त्यापेक्षा एक शब्द जास्त नाही. आवाज चढवलेला नाही, तोंड वाकडं केलेलं नाही. अण्णा म्हणाले, "काही बोलली असती तर मी बोललो असतो ना."

हे त्यांनी खपवून घेतलं. पण आदल्या दिवशी अण्णांच्या स्वतःच्या मुलीला बघायला पाहुणे आलेले. स्थळ चांगलं होतं, अण्णांना ते मनापासून हवं होतं. आपण लग्न कसं थाटात करतो ते दिसावं, म्हणून अण्णाच म्हणाले, "लग्न लावा." कोमलनं लावलं आणि ती पोहे आणायला गेली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या आजोबांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं. कोमल पोहे घेऊन आली तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तिनं नेहमीचं उत्तर दिलं. आजोबा अण्णांकडं वळले.

"पोहे मंग खाऊ," आजोबा म्हणाले. "आपली बोलनी तोंडीच होनार हायेत, म्हनून विचारतो. तुमचा शब्द किती दिवस टिकतो?"

अण्णा माझ्या टेबलावरच्या वायरीशी चाळा करत होते. "काढून टाका वहिनी. जल्दी."

"चॅप्टर काढला तरी भाषण राहतं अण्णा. नुसती खूण जाते."

"भाषन काढा मंग."

"काढते. पेनड्राइव्ह आणलाय?"

पेनड्राइव्ह कोमलकडं होता. तो तिच्याकडं मागायचा, म्हणजे कशासाठी ते सांगावं लागणार. चहा आला, त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्याला. आमच्या दुकानातून स्टँड समोर दिसतो. जालन्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. अण्णा गाडी सुटेपर्यंत तिच्याकडं बघत बसले, मग उठून गेले.

त्याच आठवड्यात मी दुकान उघडत होते, तर समोर अण्णा. डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर कोमलची मोठी बॅग, हातात तिची बादली आणि गादीची वळकटी. बॅग त्यांनी स्वतः गाडीत चढवली, कंडक्टरला हात लावू दिला नाही. कोमल खिडकीपाशी बसली.

अण्णांनी आमच्या यांना हाक मारली. "दिलीपभाऊ, कॅमेरा आना. याचाबी एक चॅप्टर करायचा."

आमचे हे "होऊन जाईन" म्हणत कॅमेरा आणायला धावले. अण्णांनी टोपी सरळ केली, एक हात बसच्या दारावर ठेवला आणि उभे राहिले. तेवढ्यात कोमलनं खिडकीतून मला हाक मारली.

"वहिनी, आत्ता नका करू. रिझल्ट लागल्यावर करा."