बाबांचा एकट्यांचा फोटो

आई मंगळवारी सकाळी गेली. भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो घरात सापडेना. शेवटी मावसबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. खांद्यावर मावशीची बोटं तशीच राहिली.

दोन महिन्यांनी मी डीएसएलआर कॅमेरा आणला आणि बाबांना खिडकीपाशी बसवलं. इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा काढून ते पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले.

बटण अर्धं दाबलं की कॅमेरा आधी चेहऱ्यावर नजर स्थिर करतो. तेवढं थांबलं नाही, तर माणूस धूसर येतो. घरातल्या माणसाकडे इतकं थांबून मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांच्या कपाळावरचा जुना व्रण मला त्या दिवशी प्रथम दिसला.

"अरे, काढलास का? श्वास रोखून धरलाय मी."

"सोडा, बाबा. चष्माही घाला. रोज बसता तसेच बसा."

"भिंतीसाठीच ना हा?" चष्मा घालत ते म्हणाले. "लावायची घाई करू नकोस म्हणजे झालं."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मी बटण पूर्ण दाबलं.

आता माझ्याकडे बाबांचा हसरा फोटो आहे, आणि बाबाही आहेत.