भावसिंगची लदेणी

सहा मैल मागे पडले होते, पांढरकवडा अजून चार मैल होतं, आणि भावसिंगचे बैल काही संपत नव्हते.

“मोरिया, मेलंचोली. मनात घर करून बसलेली उदासी,” तो चालता चालता म्हणाला. “रतन्या, बेनेव्होलंट. दुसऱ्याचं भलं चिंतणारा. धोळा...” आणि अडला.

“धोळ्यावर काय लादलं होतं?” विमलताईंनी विचारलं.

“थांबा बाई. नाल्यात उतरून राह्यला तो. येते वर.”

विमलताईंना हसू आलं. तांड्यावरच्या शाळेत त्यांची नेमणूक होऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीकडच्या, सातवी आणि ट्रेनिंग झालेल्या, मागेपुढे कोणी नसलेल्या. तांड्यात त्यांच्याशी सगळे मानानं बोलत, पण दारात बसून बोलणारं कोणी नव्हतं. भावसिंग तेवढा शाळेवरून जाताना थांबायचा.

तो जंगल खात्याच्या बंगल्यावर चौकीदार होता. त्याचा आजा पूनमसिंग लदेणीवाला, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरणारा. एकशे वीस बैल. म्हातारा रोज पहाटे निघताना एकेकाचं नाव घेऊन हाक मारी, आणि मागे न बघता कोणता कुठे चुकला ते सांगे. ती नावं भावसिंगला लहानपणीच पाठ झाली. बैल गेले, रस्ते झाले, ट्रका आल्या. नावं तेवढी राहिली.

छप्पन साली त्याची बायको गेली. बंगल्यावर आठ-आठ दिवस माणूस फिरकत नसे. तिथल्या कपाटात गोऱ्या साहेबांनी मागे सोडलेल्या सात जाड विलायती कादंबऱ्या होत्या आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. चौथी शिकलेल्या भावसिंगला नाक्यावरच्या मॅट्रिक नापास नाकेदारानं एबीसीडी दाखवली आणि लगेच नाकेदाराची बदली झाली. पुढचं सगळं भावसिंगनं एकट्यानं केलं. अवघड शब्द आला की कोशात बघायचा, आणि आज्याच्या एका बैलावर लादून ठेवायचा. एकशे वीस भरले की पुन्हा पहिल्या बैलापासून दुसरं ओझं. सात वर्षांत प्रत्येक बैलावर पाच-सहा गोण्या चढल्या होत्या.

त्याची म्हातारी आई रुपीबाई विमलताईंकडे गाऱ्हाणं करी, “मास्तरीणबाई, याले दुसरी बायको करून द्याव म्हनलं, तं हा कपाटासंग संसार करून राह्यला!”

पांढरकवड्याला नवीन वाचनालय निघत होतं. त्यात इंग्रजी पुस्तकांचं कपाट सांभाळायला माणूस हवा होता. अर्ज विमलताईंनीच लिहून दिला. ‘इंग्रजीचे उत्तम ज्ञान’ हे शब्द त्यांचेच. तो अर्ज घेऊनच आज दोघं निघाले होते.

“नोकरी तं बंगल्यावरबी आहे,” भावसिंग म्हणाला. “पन तिथं वाचनारे येतीन ना बाई? एखादा तरी मनीन, भावसिंग, हे पान पाह्य. मंग मी त्याले मनीन, हाव, म्या वाचलं.”

वाटेतल्या मारुतीला विमलताईंनी हात जोडले आणि देवाकडे काय मागायचं ते मागून घेतलं. त्यांनी चालताना मनात नेहमीचं स्तोत्र धरलं. शेजारी त्याचे बैल पुन्हा चालू लागले. धोळाही वर आला होता.

वाचनालयाच्या कचेरीतले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी एक जाड पुस्तक उघडून पुढे केलं. भावसिंगनं पान मनातल्या मनात वाचलं आणि मराठीत सांगितलं, की एक बाप दूरदेशी दिलेल्या लेकीला पत्र लिहितो आहे, घर विकावं लागलं हे तिच्यापासून लपवतो आहे, आणि लपवता येत नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले. शिपाई रामलाल पाण्याचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला. विमलताईंना वाटलं, झालं काम.

आणि मग खूश होऊन साहेब त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागले.

भावसिंग त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं, सावकाश. एकही शब्द त्याच्या ओळखीचा लागेना. सात वर्षांत इंग्रजी त्यानं डोळ्यांनी पाहिली होती, कोणाच्या तोंडून ऐकली कधीच नव्हती. हे ना त्याच्या ध्यानात आलं होतं, ना अर्ज लिहिणाऱ्या विमलताईंच्या.

“लिहून द्या ना साहेब,” तो हळूच म्हणाला. “लिहून देसान तं सांगतो.”

रामलाल फिसकन हसला. “बाप्पा! याची इंग्रजी तं बहिरी निंगाली!”

सगळी कचेरी हसली. साहेब हसले नाहीत. “जिल्ह्याहून अधिकारी येतील, इंग्रजीत विचारतील,” ते म्हणाले. “प्रत्येकाला लिहून द्या म्हणाल का?” त्यांनी अर्ज घडी करून विमलताईंच्या हातात परत दिला.

परतीच्या वाटेवर बैल निघालेच नाहीत. भावसिंग दोन पावलं पुढे, खाली मान.  विमलताईंना स्तोत्रही धरवेना. त्या ते आईच्या मांडीवर ऐकून शिकल्या होत्या. आधी कानात आलं, अर्थ कितीतरी वर्षांनी, तोही अर्धामुर्धा. आणि ह्याच्याजवळ अर्थांच्या गोण्या, पण शब्द कानाला कसा लागतो ते ह्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मारुतीपाशी त्या थांबल्या. सकाळी मागितलेलं आठवून त्यांना तिथे उभं राहवेना, पण हात जोडले गेले.

“अर्जात मी फार लिहिलं, भावसिंगभाऊ. चूक माझी.”

“तुमी खोटं कुठं लिवलं?” तो पाराच्या कडेवर बसला. मग म्हणाला, “बाई, तुमाले इंग्रजी येत नाही ना? काहीच?”

“काहीच नाही.”

“मंग एक मागतो. शाळा सुटली का दारात बसत जा घडीभर. मी एक पान वाचीन, मोठ्यानं. चुकलं तरी तुमाले समजनार नाही, मले लाज वाटनार नाही. अर्थ नका इचारू, हाव बी नका मनू. फकस्त आयका. कोन्या मानसाच्या कानात जाऊ द्या ते एकदा.”