पोच्यांचा जाणकार

अंकुश मोहिते द्रोणागिरीच्या एका यार्डात रिकामे कंटेनर तपासतो. कंटेनर गेटातून आत आला की हा टॉर्च घेऊन त्याच्याभोवती फिरतो, आत शिरून दार लावून घेतो आणि कुठल्या भोकातून उजेड येतोय ते बघतो. पत्र्याला कुठे पोचा, कुठे गंज, सगळं टॅबवर टिपतो. बारा वर्षांत आपल्या नजरेतून एक पोचा सुटलेला नाही, असं तो स्वतःच सांगतो. या कामाचा एक साधा नियम आहे. जुना पोचा आधी नोंदलेला असेल, तर तो आज आलेल्या ड्रायव्हरच्या माथी मारायचा नाही. अंकुश हा नियम इतका कडक पाळतो की ड्रायव्हर लोक त्याला देवमाणूस म्हणतात. संध्याकाळी कामोठ्याला घरी पोचला, की देवमाणूस हा नियम चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

आठ वर्षांपूर्वी त्याचं उज्वलाशी जमलं होतं. तीन वर्षं सगळं छान चाललं. मग तिचा फोन सायलेंटवर राहू लागला, तिला ऑफिसचं ट्रेनिंग लागू लागलं आणि ते ट्रेनिंग संपलं ते थेट तिच्या साखरपुड्यात, दुसऱ्याशी. अंकुशला फार लागलं. महिनाभर त्याला अन्न गोड लागलं नाही, हे खरं आहे आणि त्यात थट्टा नाही. पण एवढ्या मोठ्या दुःखातून गड्यानं बोध काय घेतला, तर बाईचा फोन सायलेंटवर असणं वाईट. मधे एक शर्मिला येऊन गेली. तिच्या ऑफिसात खरोखरच ट्रेनिंग होतं. ते संपायच्या आत प्रकरण संपलं.

मग वैजयंतीचं स्थळ आलं. पनवेलच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासते. दुसऱ्याच भेटीत तिनं स्वतःहून मितेशबद्दल सांगून टाकलं. चार वर्षं तो ‘दिवाळीनंतर घरी बोलतो’ म्हणत राहिला आणि ती थांबत राहिली.

“चार वर्षं गेली त्याचं एवढं वाईट नाही वाटत,” ती म्हणाली. “पहिल्याच वर्षी कळलं होतं आणि तरी थांबले, त्याचं वाटतं.”

अंकुशनंही उज्वलाचं सांगितलं आणि समजूतदारपणे मान डोलावली. तिच्या बोलण्यातलं त्यानं ‘मितेश’ एवढंच ऐकलं होतं.

साखरपुडा झाला आणि तपासणी सुरू झाली. लॅबमधून निघालीस का, कुणाबरोबर निघालीस, दोनदा फोन केला तर उचलला का नाहीस. ती म्हणे, हातात सुई होती. हा म्हणे, वीस मिनिटं? लोकेशन चालू ठेव म्हणाला, तिनं ठेवलं. एकदा ती आईबरोबर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासे घ्यायला गेली, तर कोळणीसकट फोटो पाठव म्हणाला. कोळीण वैतागून म्हणाली, “त्याला म्हावरं दाखव ना बाय, माजा फोटू कशाला?” वैजयंतीनं तोही पाठवला.

कारण तिला तो आवडत होता, हीच पंचाईत होती. तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन दिवस रजा टाकून हाच त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत बसला होता. असा माणूस सहजी मिळत नाही, हे तिला कळत होतं. म्हणून ती समजावत राहिली.

“अंकुश, मी उज्वला नाही.”

“तसं नाय गं. मला टेन्शन येतं, बस.”

लग्न बारा दिवसांवर आलं, तेव्हा अंकुशच्या केशरआत्यानं दोघांचं केळवण केलं. साताऱ्याकडची आत्या, तिच्याकडे रीत म्हणजे रीत. पाटाभोवती रांगोळी, पानात श्रीखंड-पुरी, आणि सोसायटीतल्या चार बायका खास उखाणा ऐकायला बोलावलेल्या. वैजयंतीनं चटकन घेतला, बायका खूश झाल्या. मग सगळ्या अंकुशकडे वळल्या. नवीन जुळवायचा त्याला कंटाळा. जुना एक तयार होता, कधीकाळी चार दिवस खपून स्वतः जुळवलेला आणि न वापरता तसाच राहिलेला. त्यानं घसा साफ केला आणि झोकात म्हटलं,

“खाडीवरचा वारा, द्रोणागिरीची वाट,
उज्वलाचं नाव घेतो, वाढा जेवणाचं ताट.”

वाढायला कुणाचा हात हलला नाही. एका बाईनं हसू दाबायला पदर तोंडाशी नेला.

“आरं अंक्या, नाव चुकलं तुजं,” आत्या म्हणाली. “परत घे.”

“चुकलं नाही, आत्या,” वैजयंती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “सहा महिने हे माझ्याशी उज्वलाचंच भांडण भांडतायत. आज नाव तेवढं घेतलं.”

“अगं, जुना उखाणा हाय, जिभेवर बसलाय. त्यात काय एवढं?”

पानातली पुरी वैजयंतीनं संपवली, कारण आत्या सकाळपासून खपत होती आणि आत्याचा यात काही दोष नव्हता. मितेशच्या वेळी ती चार वर्षं थांबली होती. या वेळी तिनं श्रीखंड संपेपर्यंत वाट पाहिली. हात धुऊन आली, तर आत्या ताटात खण-नारळ घेऊन उभी.

“ओटी राहू द्या, आत्या,” ती म्हणाली. वाकून आत्याला नमस्कार केला, बोटातली अंगठी काढून ताटात ठेवली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.

अंकुश पाटावर बसूनच होता. कुणीतरी आपल्याला फसवून जाईल, या धास्तीत त्याची पाच वर्षं गेली होती. वैजयंती न फसवता, सगळ्यांदेखत, जेवून आणि नमस्कार करून गेली.