चौथा नंबर

उंब्रजला घरी ससे पाळणाऱ्या एका मावशींकडे मी लेकीसाठी पिल्लू सांगायला गेले. सशीण परवाच व्याली होती, चार पिल्लं. भिंतीवर खडूनं तीन नावं होती, चौथं माझं लिहिलं. घरातली पहिली पदवीधर मी, सगळं रीतसर करायची सवय. व्यवहार पक्का हवा म्हणून पाचशेची नोट पुढे केली. मावशींनी पदराला हात पुसले, नोट परत दिली.

"पिल्लांनी डोळं उघडल्याबिगर मी इसार घेत न्हाई."

दहा-बारा दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला. "ताई, तीनच जगली. तुमाला न्हाई मिळायचं."

"बाकीच्यांना कळवलंत?"

"त्यांना सांगंन सावकाश. तुमची पोरगी वाट बघत आसंल न्हवं?"

मी आजवर चांगली बातमीच आधी कळवत आले होते. लेक थोडी रडली. मग म्हणाली, "भिंतीवरचं आपलं नाव पुसू नका म्हणावं."